परवान्यावर नाव देण्यापूर्वी: मेडिकलच्या इन-चार्ज फार्मासिस्टचे काम आणि अधिकार

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बी. फार्म. झाल्यावर तुम्ही सिन्नरच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात काम केले. आता नाशिकमध्ये नवे मेडिकल उघडणारे एक गृहस्थ तुम्हाला इन-चार्ज फार्मासिस्ट म्हणून, म्हणजे दुकानाच्या परवान्यावर जबाबदार म्हणून ज्याचे नाव लागते तो फार्मासिस्ट म्हणून, बोलावत आहेत. ते स्वतः फार्मासिस्ट नाहीत, दुकान सकाळी नऊ ते रात्री साडेदहा आठवडाभर उघडे राहणार आहे, शेजारी तीन दवाखाने आहेत, आणि पगार कंपनीतल्यापेक्षा थोडा कमी आहे. घरच्यांचे म्हणणे असे की शेवटी मेडिकलमध्येच बसायचे होते तर डिप्लोमा पुरला असता. या कामात करिअर आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

करिअर आहे. पण तुम्ही दिलेल्या माहितीत मला जी अडचण दिसते ती पगाराची किंवा प्रतिष्ठेची नाही. मालक ‘इन-चार्ज’ म्हणतात तेव्हा नेमके काय तुमच्या ताब्यात देणार आहेत, हे त्यांनी सांगितलेले नाही आणि तुम्हीही विचारलेले दिसत नाही. जबाबदारी कायद्याने आपोआप तुमच्यावर येते. ती मागावी लागत नाही आणि नाकारताही येत नाही. अधिकार मात्र मालकाने द्यायचा असतो आणि तो आधीच, शक्यतो लेखी, मागून घ्यावा लागतो. या व्यवसायात जे फार्मासिस्ट वैतागून बाहेर पडलेले मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांनी जबाबदारी घेतली होती आणि अधिकार मागायचा संकोच केला होता.

मी आधी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी केली आणि आता सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्वतःचे मेडिकल चालवते. त्यामुळे माझे म्हणणे त्याच मोजमापाने घ्या. रुग्णालयाच्या आवारातले दुकान, पुण्यातल्या सोसायटीखालचे दुकान आणि मोठ्या साखळीची शाखा यांत कामाचा ताल वेगळा असतो. साखळीत खरेदी वरून ठरते, रुग्णालयात डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतात, आणि तुमच्यासारख्या दवाखान्यांशेजारच्या दुकानात बहुतेक चिठ्ठ्या त्याच दोन-तीन डॉक्टरांच्या येतात. तरी पुढे जे लिहिते आहे त्याचा गाभा सगळीकडे लागू पडतो, कारण परवान्याच्या अटी सगळ्यांना सारख्याच आहेत.

आधी वेळेचा हिशेब करू. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम ६५ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ हीच गोष्ट वेगळ्या बाजूने सांगते. सकाळी नऊ ते रात्री साडेदहा म्हणजे दिवसाचे साडेतेरा तास आणि आठवड्याचे साडेचौऱ्याण्णव तास होतात. इतके तास एक माणूस काउंटरवर उभा राहू शकत नाही आणि राहूही नये. म्हणून मालकांना पहिला प्रश्न असा विचारा की दुसरा फार्मासिस्ट कोण आहे. ‘तुम्ही नसताना मुले बघतील’ असे उत्तर आले, तर तुमची नेमणूक निम्मा दिवस काम करण्यासाठी आणि पूर्ण दिवस परवान्यावर नाव देण्यासाठी होत आहे, असे समजा.

हा केवळ पुस्तकी मुद्दा नाही. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना महाराष्ट्रात फार्मासिस्टच्या उपस्थितीची तपासणी कडक झाली, परवाने निलंबित झाले आणि औषध विक्रेत्यांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. त्या काळात पुष्कळ मालकांना पहिल्यांदाच जाणवले की भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र आणि काउंटरमागे उभा असलेला माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र भाड्याने देण्याची प्रथा तेव्हा उघडी पडली, संपली मात्र नाही. तुम्ही प्रमाणपत्र भाड्याने देणार नाही हे तुमच्या प्रश्नावरूनच कळते; पण रोज सहा तास हजर राहून उरलेले साडेसात तास फक्त नाव देणे हीही त्याच प्रथेची सभ्य आवृत्ती आहे, आणि निरीक्षक नेमके त्याच साडेसात तासांत आले तर उत्तर तुम्हालाही द्यावे लागते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते, कारण घरच्यांच्या आक्षेपाचे खरे उत्तर तिथे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला असे वाटते की चिठ्ठी वाचायची, रॅकमधून स्ट्रिप काढायची आणि बिल करायचे. तेवढेच काम असते तर घरच्यांचे म्हणणे मी मान्य केले असते. पण चिठ्ठी वाचणे म्हणजे अक्षर लावणे नव्हे, तर हे औषध, या मात्रेत, या माणसाला, त्याच्या बाकीच्या औषधांसोबत योग्य ठरते का हे पाहणे असते.

मेथोट्रेक्सेटचे उदाहरण घ्या. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. तीच रोज घेतली तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेतील रक्तपेशी तयार होणे थांबते आणि माणूस दगावू शकतो. गोळी लहान असते, स्ट्रिप दहाची असते, आणि आपल्याकडच्या माणसाला औषध ‘रोज’ घ्यायची सवय असते. चिठ्ठीवर आठवड्याला एकदा असे घाईत लिहिलेले अक्षर रोज एकदा असे वाचले जाणे सहज शक्य असते. म्हणून आमच्या दुकानात ही गोळी काउंटरवरच्या मुलांनी द्यायचीच नाही, ती मी किंवा माझे सहकारी फार्मासिस्टच देतात. आम्ही रुग्णाला वार विचारतो आणि तो स्ट्रिपवर मराठीत, ठळक अक्षरांत लिहितो: ‘फक्त सोमवारी’. सोबत फॉलिक ॲसिड असेल तर त्याचा वेगळा वार त्याच्या स्ट्रिपवर लिहितो. मग रुग्णाकडून ते वदवून घेतो, कारण ‘समजले का’ या प्रश्नाला आपल्याकडे सगळेच ‘हो’ म्हणतात. पुढे याच रुग्णाला लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रायमेथोप्रिम असलेले औषध लिहून दिले, तर ती चिठ्ठी हातात धरून आधी फोन करावा लागतो, कारण या दोन औषधांची जोडी धोकादायक आहे. पहिल्या डॉक्टरांना दुसऱ्याची चिठ्ठी दिसत नाही आणि दुसऱ्यांना पहिल्याची दिसत नाही. दोन्ही चिठ्ठ्या एकाच काउंटरवर येतात.

दुसरे उदाहरण इन्सुलिनचे. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनच्या काडतुसातले १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात: ४० च्या सिरिंजला लाल टोपण आणि १०० च्या सिरिंजला नारिंगी. २० युनिट घेणाऱ्या रुग्णाने ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर त्याच्या पोटात फक्त ८ युनिट जातात आणि साखर वाढत राहते. उलट, १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतले, तर ५० युनिट जातात आणि रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. ‘सिरिंज द्या’ एवढेच म्हणत आलेल्या नातवाला ‘आजोबांची बाटली कुठली आहे’ असे विचारणे हे काम कुठल्याही संगणकाने अजून माझ्या दुकानात केलेले नाही. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे, गोठू द्यायचे नाही, फ्रिजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवायचे नाही, या गोष्टी तर रोजच्याच आहेत. फ्रिजच्या तापमानाची नोंद सकाळ-संध्याकाळ कोण करतो आणि रात्री वीज गेली तर काय होते, हेही नव्या दुकानात इन-चार्जनेच ठरवायचे असते.

बाकीची उदाहरणे भराभर सांगते. दम्याची श्वासातून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण आजही भेटतात. थायरॉइडची गोळी चहाबरोबर आणि कॅल्शियम लगेच त्यामागोमाग घेणाऱ्या बाई डॉक्टरांना दोष देतात की मात्रा वाढवूनही फरक पडत नाही. लिटरभर पाण्यासाठी असलेले ओआरएसचे मोठे पाकीट एका पेल्यात मिसळून बाळाला पाजले जाते. या प्रत्येक ठिकाणी अर्धे मिनिट बोलणे पुरते, पण ते अर्धे मिनिट काढायला फार्मासिस्ट काउंटरवर असावा लागतो आणि त्याला बिलाच्या गर्दीतून सुटका असावी लागते.

इथे तुमच्या नेतृत्वाची पहिली परीक्षा होईल, ती काउंटरवरच्या मुलांसोबत. त्यांना ब्रँडची नावे, रॅकमधल्या जागा आणि कुठल्या डॉक्टरांचे अक्षर कसे असते हे तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, आणि सुरुवातीचे काही महिने ते तुम्हाला ‘कंपनीतून आलेले साहेब’ समजतील. त्यांच्याशी ज्ञानाची स्पर्धा करू नका. कामाची वाटणी मात्र पहिल्या दिवशीच ठरवा: औषधे काढून ट्रेमध्ये ठेवणे मुलांचे काम, चिठ्ठीशी ताडून रुग्णाच्या हातात देणे फार्मासिस्टचे. संध्याकाळी सात ते नऊ या गर्दीच्या वेळी ही वाटणी मोडायचा मोह सगळ्यांना होतो, आणि नेमकी त्याच वेळी सारख्या नावांच्या औषधांची अदलाबदल होते. म्हणून आम्ही सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या नावांच्या औषधांच्या जागा मुद्दाम दूर ठेवल्या आहेत, जरी त्यामुळे वर्णानुक्रम बिघडतो. मूल चुकले तर रुग्णासमोर बोलू नये. दुकान बंद करताना बोलावे, आणि चूक कशामुळे झाली हे शोधून जागा किंवा पद्धत बदलावी. रुग्ण मुलांनाही ‘डॉक्टर’ म्हणतात आणि ‘काहीतरी द्या’ म्हणून आग्रह करतात. अशा वेळी मुलांनी तुमच्याकडे बोट दाखवावे आणि तुम्ही गरज पडल्यास डॉक्टरांकडे, ही साखळी त्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण पडते.

दुसरी परीक्षा नकार देण्याची असते, आणि मालकांशी खरी वादावादी इथेच होते. शेड्यूल एच आणि एक्स या नियमांतल्या याद्यांमधली औषधे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ मध्ये वरच्या पिढीची प्रतिजैविके, क्षयाची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून त्यात डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. क्षयाच्या औषधांबाबत २०१८ च्या अधिसूचनेने रुग्णाची माहिती निक्षय या सरकारच्या क्षयरुग्ण नोंदणी यंत्रणेला कळवण्याचे बंधन औषध दुकानांवरही घातले आहे. हे सगळे कागदावर सोपे आहे. पण मालकांचे मित्र झोपेच्या गोळीसाठी येतात, घरमालक तापासाठी प्रतिजैविकाची ‘ती तीन गोळ्यांची’ स्ट्रिप मागतात, आणि ‘शेजारचा देतो’ हे वाक्य दिवसातून अनेकदा ऐकू येते.

माझी पद्धत अशी आहे. नकार देताना मी कायद्याचे कलम सांगत नाही, कारण त्याने समोरच्याला अपमान वाटतो. मी लक्षणे विचारते, आपण काय देऊ शकतो आणि काय नाही ते सांगते, आणि डॉक्टरांकडे जायची निकड किती आहे तेही सांगते. काही गिऱ्हाइके जातात. त्यांतली बरीचशी काही महिन्यांनी घरातल्या आजारी माणसाला घेऊन परत येतात, असा माझा अनुभव आहे. मात्र हे प्रत्येक गावात होईल अशी हमी मी देणार नाही. बाजारपेठेत ओळीने आठ मेडिकल असतील तर नकाराची किंमत जास्त असते, आणि ती किंमत मालक द्यायला तयार आहेत का हे नोकरी घेण्यापूर्वीच कळायला हवे. त्यांना सरळ विचारा: ‘मी एखादी विक्री नाकारली आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे आले, तर तुम्ही काय कराल?’ ‘तुमच्या शब्दापुढे जाणार नाही’ असे उत्तर आले तर नोकरी घ्या. ‘बघू तेव्हा’ असे आले तर दोनदा विचार करा.

जुन्या चिठ्ठ्यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. डॉक्टरांनी पुन्हा द्यावे असे लिहिले नसेल तर चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते, आणि देताना दुकानाचे नाव, पत्ता व तारीख तिच्यावर नोंदवायची असते. प्रत्यक्षात रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे रुग्ण वर्षापूर्वीचा चुरगळलेला कागद घेऊन येतात, आणि त्यांची गोळी बंद पडणेही धोक्याचे असते. आम्ही यावर गावातल्या डॉक्टरांना भेटून विनंती केली की दीर्घ आजाराच्या चिठ्ठीवर ‘तीन महिने पुन्हा द्यावे’ अशी मुदत स्पष्ट लिहावी. बहुतेकांनी ती मान्य केली, कारण रुग्ण तीन महिन्यांनी तपासणीला परत येणे त्यांनाही हवेच होते. तुमच्या शेजारी तीनच दवाखाने आहेत, म्हणजे तुम्हाला तीनच भेटी कराव्या लागतील. त्या भेटी मालकांनी नाही, तुम्ही करा, आणि दुकान सुरू होण्याच्या आधी करा. पुढे मात्रेबद्दल शंका आली की फोन करणे सोपे जाते. फोनवर ‘तुमचे चुकले’ असे न म्हणता ‘मात्रा नक्की करून घ्यायची होती’ असे म्हटले की काम होते.

आता पैशांबद्दल लिहिते, कारण तुमचा पगार कुठून येणार हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ खाली येणाऱ्या औषधांच्या कमाल किमतीत किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला असतो, आणि बाकीच्या औषधांवर व्यापारात साधारण २० टक्के मिळतो. समजा, नव्या दुकानाची रोजची विक्री १५,००० रुपये झाली आणि सरासरी १८ टक्के सुटले, तर दिवसाला २,७०० आणि महिन्याला ८१,००० रुपये होतात. त्यातून भाडे, वीज, दोन फार्मासिस्ट, दोन-तीन मुले, सॉफ्टवेअर आणि कालबाह्य मालाचे नुकसान भागवायचे. वर समोरच्या फलकावर ‘सर्व औषधांवर १५ टक्के सूट’ लिहिले असेल तर काय उरते ते तुम्हीच काढा. हा हिशेब मालकांसमोर बसून मांडता आला, तर ते तुम्हाला नोकर समजणे आपोआप कमी करतील.

म्हणूनच खरेदीत तुमचा शब्द असणे महत्त्वाचे आहे. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, स्कीम घेऊन येतो, दहावर दोन फुकट सांगतो, मालकांचे डोळे चमकतात, आणि सहा महिन्यांनी तोच माल शॉर्ट एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपत आलेला, म्हणून रॅकच्या तळाशी सापडतो. स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक पुरवठादार, परतीचा माल ठरावीक मुदतीतच घेतो, ती मुदत चुकली की नुकसान दुकानाचे. दर महिन्याला पुढच्या चार महिन्यांत संपणारा माल वेगळा काढणे आणि मागणीची वही रोज संध्याकाळी तपासणे, एवढ्या दोन सवयींनी नव्या दुकानाचा जीव वाचतो.

खरेदीचा दुसरा पैलू सचोटीचा आहे. बाजारात काही जेनेरिक औषधे अशी येतात की छापील किंमत खरेदीच्या कित्येक पट असते. चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असताना शेड्यूल एचच्या औषधाऐवजी आपल्या मनाने दुसरे देणे नियमांत बसत नाही. पण डॉक्टरांनी मूळ औषधाचे नाव लिहिले असेल तर कंपनी निवडण्याचे काम तुमच्याकडे येते, आणि तेव्हा सर्वांत जास्त नफ्याची कंपनी निवडायची की ज्या कंपनीचा दर्जा आणि पुरवठा तुम्ही पारखला आहे ती, हा निर्णय रोज घ्यावा लागतो. तुम्ही गुणवत्ता विभागातून येत आहात. कुठल्या कारखान्याचे विश्लेषण प्रमाणपत्र, म्हणजे मालाच्या तपासणीचा अहवाल, कसे वाचायचे हे तुम्हाला येते, आणि माझ्या पाहण्यात ही जाण असलेले फार्मासिस्ट किरकोळ व्यवसायात फार थोडे आहेत. मालकांशी बोलताना हा मुद्दा संकोच न करता मांडा.

बिलावर बॅच क्रमांक, म्हणजे एकत्र तयार झालेल्या मालाचा क्रमांक, नीट येणे हाही इन-चार्जचाच विषय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधामुळे मुले दगावल्यानंतर आपल्या अन्न व औषध प्रशासनाने कोल्ड्रिफ सिरपच्या एसआर-१३ या बॅचची विक्री आणि वापर तातडीने थांबवण्यास सांगितले. अशी सूचना आली की दुकानाला दोन प्रश्नांची उत्तरे तासाभरात देता आली पाहिजेत: ही बॅच आपल्याकडे आली होती का, आणि आली असेल तर कोणाकडे गेली. ज्या दुकानात खरेदीची नोंद आणि विक्रीची बिले बॅचसह होतात तिथे हे काम संगणकावर काही मिनिटांत होते. जिथे बिल मागितल्याशिवाय दिले जात नाही तिथे ते होऊच शकत नाही.

आता पुढच्या वाटेबद्दल. डिप्लोमा आणि पदवी यांत परवान्यापुरता फरक नाही, हे घरच्यांचे निरीक्षण खरे आहे. फरक पडतो तो तुम्ही काम कसे करता यात आणि पुढे कुठे जाता यात. इन-चार्ज म्हणून दुकान उभे केल्यावर काही जण साखळीत विभागाची जबाबदारी घेतात, काही रुग्णालयाच्या औषध विभागात जातात, आणि बरेच जण स्वतःचे दुकान काढतात, ज्यासाठी किमान १० चौरस मीटर जागा, फ्रिज आणि परवान्याची कागदपत्रे लागतात. भांडवल मात्र जागेच्या भाड्यावर आणि उधारी किती मिळते यावर इतके अवलंबून असते की मी आकडा सांगणार नाही. आखाती देशांत किंवा ब्रिटनमध्ये जायचा विचार असेल तर तिथल्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात; पण ब्रिटनमध्ये प्रत्येक दुकानात जबाबदार फार्मासिस्टचे नाव लोकांना दिसेल असे लावावे लागते, आणि त्या व्यवस्थेत मुलाखत देताना तुम्ही इथे खरोखर दुकान चालवले होते की फक्त हजेरी लावली होती हे लगेच कळते. आपल्याकडेही फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या व्यवसाय विनियमांनी रुग्णाचे समुपदेशन हे फार्मासिस्टचे काम म्हणून लिहून ठेवले आहे. औषधाबद्दल अडले तर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या औषध माहिती केंद्राला विचारता येते. एकट्याने दुकान सांभाळणाऱ्याला हा मोठा आधार असतो आणि त्याचा उपयोग फार कमी लोक करतात.

पगाराबाबत माझे मत असे: पहिल्या वर्षी कंपनीपेक्षा थोडा कमी पगार चालेल, पण दुसरा फार्मासिस्ट नसणे चालणार नाही. या दोन्हींत मालक घासाघीस करू लागले तर तुम्ही पगारात नमते घ्या, माणसाच्या बाबतीत घेऊ नका. साप्ताहिक सुटी, खरेदीवर तुमची सही, चिठ्ठीची औषधे फार्मासिस्टच्या हातूनच देणे आणि विक्री नाकारण्याचा अंतिम अधिकार या चार गोष्टी नेमणूकपत्रात लिहून घ्या. मालक चांगले असतील तर त्यांना याचा राग येणार नाही. उलट परवाना त्यांच्याही नावाचा आहे, हे त्यांच्या लक्षात येईल.

शेवटचा मुद्दा कागदाचा. इन-चार्ज बदलला तर एका महिन्याच्या आत परवाना प्राधिकाऱ्याला कळवण्याची अट परवान्यातच छापलेली असते, आणि ती मालकांनी पाळायची असते. तरी नोकरी सुरू करताना परवान्यावर तुमचे नाव कोणत्या तारखेपासून चढले याची प्रत स्वतःकडे ठेवा. पुढे कधी नोकरी सोडलीत तर मालकांवर विसंबू नका: राजीनाम्याची प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात स्वतः द्या, पोच घ्या, आणि ऑनलाइन नोंदीतून नाव निघाल्याची खात्री झाल्यावरच दुसऱ्या दुकानाच्या अर्जावर सही करा. नाव निघेपर्यंत त्या काउंटरवरच्या प्रत्येक विक्रीला कागदोपत्री तुमचीच देखरेख असते.